जुन्या ट्रॅक्टरचा प्लग : आटे जुळले म्हणजे झाले काय?

ट्रॅक्टर म्हटला की तो डिझेलवर चालावयाचा, असेच आज आपण गृहीत धरतो. आणि डिझेल इंजिनास ठिणगीचा प्लग लागत नाही, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु इंग्लंडातील कोव्हेंट्री येथे 1946 ते 1956 या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टी.ई. 20 ट्रॅक्टरांपैकी पेट्रोलवर व रॉकेलच्या जातीच्या तेलावर चालणाऱ्या यंत्रांचे प्लगावाचून पाऊलही पुढे पडत नाही. असे एखादे यंत्र ज्यांनी जतन केले आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत. पिंपळवंडी, आळे, नारायणगाव या आपल्या द्राक्षे-टोमॅटोच्या मुलखात फवारणीची व खुरपणीची लहान पेट्रोल इंजिने वापरणाऱ्या बांधवांसही ते निरुपयोगी ठरणार नाहीत.

प्लग बिघडला म्हणजे आपण तो खिशात घालून बाजारात जातो. दुकानदार त्याचे आटे पाहतो, तशाच आट्यांचा नवा प्लग पुढे करतो आणि म्हणतो, "हा बसतो, घेऊन जा." बसतो हे खरेच, परंतु बसणे निराळे आणि चालणे निराळे. आमचे मत असे की, प्लगाची निवड इंजिनाच्या पुस्तकावरून करावी आणि ती जुन्या प्लगाच्या तोंडावरून ताडून पाहावी. दुकानदाराकडे फक्त विक्रीचे काम ठेवावे.

प्रथम मापाचा विचार करू. आट्यांचा व्यास 14 मिलिमीटर आहे की 18, हे सहज कळते. फसगत होते ती आट्यांच्या लांबीत. 12.7 मिलिमीटर लांबीच्या जागी 19 मिलिमीटरचा प्लगही फिरत फिरत आत जातो. पण त्याचे टोक पिस्टनवर आपटण्याचा संभव असतो. आपटले नाही तरी आत उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात व पुढे प्लग काढताना हेडचे आटे ओरबाडून निघतात. उलट प्लग आखूड पडला तर ठिणगी खोबणीत दडते आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत काजळी साचते. जुन्या यंत्राचे हेड आज दुकानात मागून मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा चुकीची खरी किंमत कळते.

दुसरा व अधिक महत्त्वाचा विचार उष्णतेचा. चालू इंजिनात प्लगाचे आतील चिनीमातीचे टोक साधारणतः 450 ते 850 अंश सेल्सिअस तापलेले असावे लागते. त्याहून थंड राहिल्यास काजळी जळून जात नाही व ठिणगी मरते. त्याहून तापल्यास टोक निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते व पिस्टन भाजतो. म्हणून प्लग 'गरम' व 'थंड' अशा पायऱ्यांचे करतात आणि ती पायरी अंगावरच्या क्रमांकात दर्शवितात. येथे एक सापळा आहे. एनजीकेच्या प्लगावर आकडा वाढला की प्लग थंड; बॉश व चॅम्पियन यांच्या प्लगांवर आकडा वाढला की तो गरम! तेव्हा छाप बदलताना नुसता आकडा जुळवू नये. दोन्ही छापांचा मेळ दाखविणारा तक्ता मागावा.

जुना प्लग फेकण्यापूर्वी त्याचे तोंड अवश्य पाहावे. टोक फिकट तपकिरी असेल तर प्लग योग्य आहे. त्याच क्रमांकाचा दुसरा घ्यावा. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात इंधन जास्त आहे किंवा प्लग थंड पडतो. तेलकट ओल असेल तर रिंगा झिजल्या आहेत. टोक पांढरे पडून फोड आले असतील तर इंजिन जादा तापत आहे. रिंगा झिजल्या असता एक पायरी गरम प्लग घालून दिवस काढणारे पुष्कळ आहेत. अडल्या वेळी ते क्षम्य म्हणू. पण तो उपचार नव्हे, दुखणे झाकणे होय. नांगराचा भार पडताच तोच प्लग लाल होतो.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनास आणखी एक पथ्य आहे. ते पेट्रोलवर सुरू करून पुरते तापल्यावरच रॉकेलवर न्यावे. घाई केल्यास न जळलेले रॉकेल प्लग भिजविते व खाली उतरून ऑइलही पातळ करते. मग दोष मात्र प्लगावर येतो!

फट पुस्तकात दिली असेल तितकीच ठेवावी. प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून, वॉशर नवा असल्यास पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा; अधिक जोर करू नये.

आपल्या तालुक्यापुरती एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात आपल्या शेतांमधूनच पसरल्या आहेत. प्लगाच्या ठिणगीतून निघणाऱ्या रेडिओलहरी अशा दुर्बिणीस गोंगाटासारख्या वाटतात. क्रमांकात 'आर' हे अक्षर असलेल्या प्लगात रोधक बसविलेला असल्याने हा गोंगाट पुष्कळ कमी होतो. इंजिनाच्या पुस्तकाची हरकत नसेल तर असाच प्लग घ्यावा. शेजारधर्म म्हणूनही ते शोभेल.

शेवटी एक सूचना. सभासदांच्या प्रत्येक पेट्रोल यंत्राचे नाव व त्याच्या प्लगाचा पुस्तकातील क्रमांक, आट्यांची लांबी व फट एवढी नोंद सोसायटीच्या कचेरीत एका वहीत ठेवावी. जुनी पुस्तके वाळवीच्या तोंडी जात आहेत आणि ती यंत्रे हाताळलेली माणसेही थकत चालली आहेत. ढगाळ हवेत द्राक्षावर केवडा उतरला असता फवारणीचे इंजिन बंद पडले, तर त्या दिवशी सल्ला विचारीत फिरण्यास सवड नसते. वहीचा खर्च नगण्य आहे. काम फक्त आरंभ करण्याचे आहे.