युद्धखात्याचा वकील

युद्धाचे वारे वाहू लागले की राज्यकर्त्यांना सेनापती हवा असतो, दारूगोळा हवा असतो, पैसा तर हवाच असतो. कायदेपंडित मात्र नकोसा होतो. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी सेनादलांच्या सर्वोच्च विधि-अधिकाऱ्यांच्या जागी नवी माणसे नेमण्याचे जाहीर केले आणि विधिज्ञांनी अडथळा होऊ नये, अशा आशयाचे समर्थन त्यासाठी पुढे केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘युद्धखाते’ हे जुने नाव वापरण्याची मुभा या खात्याला अध्यक्षांच्या आदेशाने मिळाली. आणि अमली पदार्थांच्या वाहतुकीचा आरोप ठेवून कॅरिबियन समुद्रातील नौकांवर प्राणघातक हल्लेही त्याच महिन्यात सुरू झाले. हे हल्ले कायद्यात बसतात काय, असा प्रश्न अमेरिकी काँग्रेसच्या सभासदांनीच विचारला. खात्याने वकील कसा निवडावा, ही केवळ कारकुनी बाब नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

जुन्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या नावामागचा इतिहासही चाळावा. १८६२ साली यादवी युद्ध ऐन भरात असताना या खात्याने युद्धाचे नियम रचण्याच्या कामी फ्रान्सिस लीबर या कोलंबिया कॉलेजातील प्राध्यापकाची मदत घेतली. लीबर यांनी तरुणपणी नेपोलियनविरुद्धच्या युद्धात जखमा सोसल्या होत्या. त्यांचा एक पुत्र दक्षिणेच्या बाजूने लढताना पडला. दुसऱ्याने उत्तरेच्या सैन्यात हात गमावला. युद्ध म्हणजे काय, हे अशा माणसास कोणी शिकवावे? २४ एप्रिल १८६३ रोजी निघालेली त्यांची १५७ कलमांची संहिता मवाळ मुळीच नव्हती. शत्रूची उपासमार करण्यासही ती मोकळीक देते. तरीही कबुलीजबाबासाठी छळ करणे लष्करी निकडीच्या नावाखाली खपणार नाही, असे तिचे सोळावे कलम बजावते. कायद्याने सेनेचे हात बांधले जातात, या तक्रारीला याहून चोख उत्तर कोणते?

१ ऑगस्ट २००२ रोजी त्याच देशाच्या न्यायखात्यातील वकिलांनी ‘छळ’ या शब्दाची व्याख्या इतकी आकुंचित केली की, बहुतेक सारे क्रौर्य तिच्याबाहेर राहावे. २००४ साली ते मत सरकारलाच मागे घ्यावे लागले. दरम्यान २ डिसेंबर २००२ रोजी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ग्वांटानामो येथील कैद्यांच्या चौकशीसाठी कठोर उपायांना मंजुरी दिली होती. नौदल खात्याचे मुख्य विधि-सल्लागार अल्बेर्तो मोरा यांनी त्यास हरकत घेतली आणि १५ जानेवारी २००३ रोजी ती मंजुरी रद्द झाली. पुढचे सारे अनर्थ त्यामुळे टळले असे नव्हे. परंतु मोरा हे विरोधी पक्षाचे नव्हते, त्याच सरकारने नेमलेले होते, हे विसरता येत नाही.

वकिलाच्या शंकाकुशंकांमुळे रणांगणावर विलंब होतो आणि त्याची किंमत सैनिकास मोजावी लागते, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु त्यावरचा उपाय त्वरेने व स्पष्टपणे मत देणारा विधिज्ञ नेमणे हा आहे; मान डोलावणारा नेमणे हा नव्हे. होकार देण्यासाठीच निवडलेल्या वकिलाच्या होकाराला मोल ते काय? मंत्र्यास त्याचा क्षणभर आधार वाटेल. पण त्याच्या मतावर विसंबून ज्या सैनिकाने बंदुकीचा चाप ओढला, त्याला पुढे न्यायासनासमोर हे मत तारीलच, याची शाश्वती कोण देणार?

म्हणून युद्धखात्याच्या विधिज्ञाची निवड त्याच्या विद्वत्तेवर व निःस्पृहतेवर व्हावी, त्याचे मत लेखी असावे, आणि अप्रिय मत दिल्याबद्दल त्याचे पद जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘नाही’ म्हणण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आहे, त्याचेच ‘होय’ संकटकाळी राष्ट्राच्या उपयोगी पडते.