सामाईक जागेवर मक्तेदारी कशासाठी?

सोसायटीच्या आवारात गाडी कुणी कुठे लावायची, यावरून शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो आहे. रात्री टायरची हवा सोडली जाते, सकाळी वाट अडवली जाते आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जाते. भांडणाच्या मुळाशी एक गैरसमज आहे : ज्याची गाडी मोठी आणि ज्याचा कमिटीत वट, त्याची जागा!

कायदा असे मानत नाही. मोफा कायद्याखालच्या नहालचंद लालूचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले, की उघडी व स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडी पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रातच धरली. गाड्या जास्त आणि जागा कमी असेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे, असे आदर्श उपविधी सांगतात.

मग चिठ्ठ्या का निघत नाहीत? कारण जागा अडवून बसलेलेच अनेकदा कमिटीत असतात आणि बाकीचे सभेला फिरकत नाहीत. शेजाऱ्याशी हुज्जत घालून काय साधणार? सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, विषय सर्वसाधारण सभेत मांडा. तिथे दाद मिळाली नाही तर उपनिबंधक आहेत, सहकार न्यायालय आहे. आपण हक्क मागतो आहोत, उपकार नव्हे.

गेटची वाट मात्र चिठ्ठीचाही विषय नाही. तिथे उभी केलेली गाडी उद्या अग्निशमन बंब अडवील. आग कुणाच्या घराला लागेल, हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नसते!