‘चिडवणे’ या सौम्य शब्दाआड

वर्गातील एखाद्या मुलाला सर्वांनी मिळून वाळीत टाकण्याला कोरियन भाषेत ‘वांगत्ता’ असा स्वतंत्र शब्द असून, वयाने वर्षभर मोठ्या असलेल्यापुढेही नमावे हा तेथील रिवाज आणि परीक्षांची जीवघेणी चढाओढ ही त्याची कारणे सांगितली जातात. मराठीत मात्र याला नुसते ‘चिडवणे’ म्हणतात, आणि शब्द सौम्य म्हणून दुखणेही सौम्य मानले जाते. संत नामदेवांच्या नर्सीचा वारसा सांगणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातही मूल आधी आडनावावरून, मग वस्तीवरून आणि शेवटी आईबापांच्या ऊसतोडीवरून ओळखले जाते, आणि ही उतरंड त्याचे सोबती घरच्या ओसरीवरच शिकलेले असतात. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील आंबेडकरांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे, ते मुलांनी नव्हे, मोठ्यांनी ठरवले होते. राज्याचा रॅगिंगबंदी कायदा 1999चा, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्याच वयाचा, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण तो महाविद्यालयांपुरताच आहे, असा समज रूढ आहे, जो चुकीचा आहे. मुख्याध्यापकांनी पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकांआधी एवढेच विचारावे, की मधल्या सुट्टीत कोणाचे मूल एकटे जेवते.