बाथरूममधला गॅस गिझर आजच बाहेर काढा

थंडी पडली की दरवर्षी कुठल्यातरी शहरातून तीच बातमी येते. कोणीतरी आंघोळीला गेलं, बराच वेळ बाहेर आलं नाही, शेवटी दार तोडावं लागलं. आत गॅस गिझर चालू आणि खिडकी बंद. ज्यांच्या बाथरूममध्ये असा गिझर आहे, त्या प्रत्येक घराला कळकळीची विनंती: तो बदलण्याचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

गिझरची ज्योत लहानशा खोलीतला ऑक्सिजन भराभर संपवते. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि कडीपर्यंत हात पोचण्याआधीच शुद्ध हरपते.

आता खर्चाचं. १५ लिटरचा विजेचा गिझर साधारण सहा ते दहा हजारांत मिळतो. प्लंबर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंगसाठी आणखी दोन-तीन हजार हाताशी ठेवा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. एवढं आत्ता जमत नसेल, तर आहे तोच गिझर बाथरूमबाहेर, हवा खेळती असलेल्या उघड्या जागी बसवून घ्या. त्याला पाइप आणि मजुरी एवढाच खर्च.

तेही होईपर्यंत एवढं कराच: दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर आणि सिलिंडर दोन्ही बंद करा, आतली हवा बाहेर जाऊ द्या आणि मगच आंघोळीला जा. याला एक पैसाही लागत नाही.

कोणी आत बेशुद्ध पडलंच, तर दार उघडून त्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ला फोन लावा. ‘गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण या विषबाधेत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आकडा चांगला दाखवून फसवतो.

घरमालकांनो, गिझर बदलण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी मारू नका. घर तुमचं आहे, गिझरही तुम्हीच बदला. काढलेला गिझर स्वस्तात दुसऱ्या कुणाला विकूही नका, नाहीतर तुमच्या घरातला धोका त्यांच्या घरात जाईल.

सोसायटीच्या कमिट्यांनो, येत्या रविवारी घरोघर जाऊन यादी करा. दहा-वीस गिझर एकदम घेतले तर दुकानदार भाव कमी करतो, प्लंबरही एकाच फेरीत काम उरकतो. ज्यांना एकरकमी पैसे जड जातील, त्यांना हप्ते बांधून द्या. पण यादीतलं एकही घर तसंच सोडू नका.