शार्दोने आणि थंडी

मद्याचे नाव काढताच ज्या घरांत भुवया उंचावतात, त्याच घरांतील फडताळात वैद्यांच्या आज्ञेने द्राक्षासवाची बाटली सुखाने नांदत असते. द्राक्षरस आंबला म्हणजे त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. ही क्रिया दोहोंत एकच. तेव्हा ज्यांस घ्यावयाची नाही त्यांनी ज्ञानार्थ, व ज्यांचे परदेशस्थ जावई भेटीदाखल वाइनची बाटली आणतात त्यांनी उपयोगार्थ, पुढील मजकूर वाचावा.

शार्दोने हे फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचे पांढरे द्राक्ष. १९९९ साली आनुवंशिक परीक्षेने त्याचे आईबाप निश्चित झाले : एक पिनो, हे नामांकित घराणे; दुसरे गुए ब्लां, हे गोरगरीब शेतकऱ्यांचे, प्रतिष्ठितांनी हिणविलेले द्राक्ष. स्थळे पाहताना केवळ घराण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा!

या द्राक्षाचा स्वतःचा स्वाद सौम्य असल्यामुळे हवेचा गुण त्यात चटकन उतरतो. कैरी पिकू लागली की आंबटपणा ओसरतो व गोडी चढते, हे आपण जाणतोच. द्राक्षाचेही तसेच. हिरव्या सफरचंदात जे आम्ल असते तेच द्राक्षात असून, उष्णतेने ते लवकर खर्ची पडते. रात्री गार असल्या तर टिकते. म्हणून बर्गंडीच्या उत्तर टोकास, शाब्ली येथे, होणारी शार्दोने लिंबासारखी तरतरीत लागते, तर उष्ण मुलखातील तीच वाइन पिकल्या अननसाच्या वळणावर जाते.

मग आमच्या महाराष्ट्रात हे द्राक्ष कसे? अकलूजजवळ २००७ साली स्थापन झालेल्या फ्रातेल्ली कंपनीने ते लाविले आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी व पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करून वेलीस हिवाळ्यात फळ धरावयास लावितात. अक्षांशाने नाकारलेली थंडी ऋतूकडून उसनी घ्यावयाची, अशी ही युक्ती. परंतु एक भेद राहतोच. शाब्लीचे फळ थंडीकडे वाटचाल करीत पिकते, आमचे उन्हाकडे. फेब्रुवारी सरता गेवराईस ऊन कसे तापू लागते हे निराळे सांगणे नको. तोडणी थोडी लांबली की आंबटपणा हातचा गेला! आणि फ्रान्सची थंडीही आता भरवशाची राहिलेली नाही. बर्गंडीतील बोन नगरीच्या द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत. १९८८ नंतर तेथील तोडणी पूर्वीच्या सरासरीहून सुमारे १३ दिवस अलीकडे आली आहे.

काही शार्दोनेंस लोण्याचा वास येतो, तो द्राक्षाचा नव्हे. सूक्ष्म जंतू सफरचंदी आम्लाचे दह्यातील सौम्य आम्लात रूपांतर करितात, त्यातून तो उपजतो. ओकच्या पिंपात मुरविल्यास व्हॅनिलाचा गंधही चढतो. या दोहोंचा अतिरेक झाला म्हणजे थंडीने दिलेले सारे झाकून जाते, असे आमचे मत.

घ्यावयाची तर १० ते १२ अंशांवर. फ्रीजमधून काढताक्षणी ओतल्यास गंध मुका राहतो. पाऊण घटका थांबावे, मात्र आपल्याकडच्या वैशाखात पाच मिनिटे पुरेत. सोबत कोथिंबीर-वडी अथवा सुरळीची वडी चालेल. तेला-मिठाचा जडपणा आंबट घोटाने सुटतो. ठेचा नको, कारण मद्यार्काने तिखटाची आग वाढते. श्रीखंड तर मुळीच नको. त्याच्या गोडीपुढे उत्तम शाब्लीदेखील नुसती आंबट लागेल.