खोक्याचा ठावठिकाणा, रुग्णाची हकिगत

भिवंडी म्हटली की पूर्वी यंत्रमागांची खडखड आठवे. आता तिच्या जोडीला गोदामे आठवतात. माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या गावांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या गोदामांत देशभरातून खोकी येतात आणि देशभर जातात. खोक्यावर काळ्या रेघांची एक पट्टी असते. खोके कुठून आले, कोणत्या फळीवर आहे, कधी निघणार, हे ती पट्टी वाचणाऱ्या यंत्राला क्षणात कळते. खोके हरवले तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

याच शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती नोंदवलेल्या शहराचा आणि भोवतालच्या गावपाड्यांचा भार ते वाहते. गुंतागुंतीचा रुग्ण तिथून ठाणे, कळवा किंवा मुंबईला पाठवला जातो. त्याच्याबरोबर एक प्लास्टिकची पिशवीही जाते. केस पेपर, रक्ताचे अहवाल, क्ष-किरणाची फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या असे सारे काही तिच्यात. ती पिशवी रिक्षात राहिली की नव्या दारात पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. खोक्याला जे मिळते ते माणसाला का मिळू नये, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

तंत्र उपलब्ध आहे. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या साध्या टॅगला बॅटरीही लागत नाही. वाचक यंत्राच्या लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते. रुग्णाच्या मनगटावर, रक्ताच्या पिशवीवर, प्राणवायूच्या सिलिंडरवर तो लावता येतो. लसींच्या शीतसाखळीत असा प्रयोग आपल्याकडे झालेलाही आहे. २०१५ पासून उभारलेल्या ‘ईविन’ यंत्रणेत लस ठेवलेल्या शीतपेटीतील संवेदक तापमान सतत कळवतो आणि ते बिघडले की संबंधितांच्या मोबाईलवर इशारा जातो. २०२१ मधील आयुष्मान भारत डिजिटल मिशनने नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक देऊन विखुरलेल्या नोंदी जोडण्याची वाट आखली आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या मते हा प्रश्न मुळात नोंद आणि कथन यांच्या नात्याचा आहे. भिवंडीत रुग्ण आपले नाव उर्दूत, तेलुगूत किंवा भोजपुरी उच्चारात सांगतो. ऐकणारा ते मराठी कानांनी ऐकतो आणि इंग्रजीत लिहितो. तीन कागदांवर एकाच माणसाची तीन नावे होण्यास एवढे पुरे. क्रमांक हा घोळ मिटवतो, हे त्याचे मोठे श्रेय. नवजात बालक, भूल दिलेला किंवा बेशुद्ध रुग्ण यांना तर नावच सांगता येत नाही. त्यांच्यासाठी मनगटावरची पट्टी हाच आवाज.

मात्र ठावठिकाणा म्हणजे हकिगत नव्हे. धाप लागलेल्या माणसाच्या बोटाला लावलेला संवेदक रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगेल. तो माणूस कित्येक वर्षे बारा-बारा तास सुताच्या धुळीत मागावर उभा आहे, हे कोणी विचारल्याखेरीज पडद्यावर उमटणार नाही. विचारण्याची जागा रकान्याने घेतली, की रकान्यात न मावणारे सारे गळते. अहवालाच्या भाषेशी झुंजणाऱ्या आपल्या वाङ्मयाला ही गळती नवी नाही.

शिवाय यंत्र इशारा देते. धावावे माणसालाच लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बालके गेली. अशा कक्षात धुराचा संवेदक हवा, याबद्दल दुमत नसावे. पण तो वाजल्यावर दार उघडायला रात्रपाळीला पुरेसे हात हवेत. आणि यंत्रणाही आजारी पडते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये सायबर हल्ल्याने संगणक ठप्प झाले, तेव्हा जवळजवळ दोन आठवडे कारभार कागदावर चालवावा लागला. सारे एका ठिकाणी जोडले, की बंदही एकाच वेळी पडते.

तेव्हा आमचे म्हणणे असे की क्रम ठरवावा. टॅग आणि संवेदक आधी वस्तूंना लावावेत: प्राणवायूच्या टाकीला, रक्तपेढीच्या शीतकपाटाला, औषधसाठ्याला. सिलिंडरला खाजगी आयुष्य नसते. माणसाचे तसे नाही. क्षयरोग, गर्भपात, एचआयव्ही यांच्या नोंदी मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या कानी गेल्या तर रोजी जाते, खोलीही जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे; पण न वाचता आलेल्या कागदावर उमटवलेला अंगठा ही संमती नव्हे. संमती रुग्णाच्या भाषेत, कोणीतरी समोर बसून, वाचून दाखवून घ्यावी लागेल. त्यासाठी माणूस नेमण्याचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरला पाहिजे.

आणि माहिती जोडायचीच, तर सुरुवात त्या पिशवीपासून व्हावी. भिवंडीत लिहिलेले कळव्यात वाचता आले, तिथला उपचार परतल्यावर इथे कळला आणि त्याची छापील प्रत रुग्णाच्या हाती राहिली, तरी पुष्कळ झाले. गोदामातल्या खोक्याला आपल्याविषयी काय लिहिले आहे हे वाचायचे नसते. रुग्णाला वाचायचे असते, चुकले असेल तर दुरुस्तही करायचे असते. तो अधिकार देणारी यंत्रणा आली, तर मनगटावरच्या पट्टीचे आम्ही मनापासून स्वागत करू.