मी एकदम ठीक आहे, बॉस!

"काय, कसं काय?" "एकदम मस्त!" हा डायलॉग आपण ऑफिसात दिवसातून दहा वेळा मारतो. डोक्यात कितीही राडा चालू असो, उत्तर ठरलेलं. नेमकं हेच उत्तर एका भयकादंबरीचं नाव आहे : 'वुई आर ऑल कम्प्लीटली फाइन'. अमेरिकन लेखक डॅरिल ग्रेगरीचं हे पुस्तक 2014 साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला वर्ल्ड फॅन्टसी अवॉर्ड मिळालं. पानं दोनशेच्या आत, म्हणजे एका वीकेंडचं काम.

फंडा साधा, पण सॉलिड. आपल्या ओळखीच्या भयकथा भूत पळालं की संपतात. धारपांचे समर्थ आले, दुष्ट शक्ती गेली, आपण पांघरूण ओढून झोपायला मोकळे. ग्रेगरीची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. जो वाचला, त्याचं पुढे काय?

डॉ. जॅन सेयर ही थेरपिस्ट अशा पाच जणांना गोल करून बसवते. स्टॅनला नरभक्षकांनी अर्धवट खाल्लंय. बार्बराच्या हाडांवर एका सैतानानं चित्रं कोरून वरून कातडी शिवलीय. ती चित्रं तिला दिसत नाहीत आणि डोक्यातूनही जात नाहीत. हॅरिसनच्या बालपणावर मुलांसाठी साहसकथा निघाल्या, त्याची स्वतःची झोप मात्र उडालीय. मार्टिन काळा चष्मा काढायला तयार नाही. आणि ग्रेटा काय लपवते, ते विचारू नका, वाचा.

राक्षस भयंकर आहेतच. पण खरी भीती वेगळी आहे : या लोकांवर कुणी विश्वासच ठेवत नाही. अर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञानं ग्रुप थेरपीवरच्या 1970च्या पुस्तकात ती का लागू पडते याची कारणं दिलीत. त्यातलं एक म्हणजे 'हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही' हे कळणं. ग्रेगरीनं ते लिखाणातच उतरवलंय. प्रकरण 'आम्ही' म्हणत सुरू होतं आणि मग हळूच एकाच्या डोक्यात शिरतं.

वाचताना मला मुंबई आठवत राहिली. 11 जुलै 2006च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या, लोक कामावर गेले, 'मुंबई स्पिरिट'चं तोंडभरून कौतुक झालं. माझा एक मित्र त्यातल्याच एका गाडीत होता, मागच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोही डेस्कवर हजर. तेव्हापासून तो बसनं जातो. दुप्पट वेळ लागतो. विचारलं की म्हणतो, "खिडकी मिळते ना!" आम्ही हसायचो आणि विषय संपायचा.

हे पुस्तक मी त्याला दिलं. तीन आठवड्यांनी परत करताना म्हणाला, "तो स्टॅन किती बोलतो यार!" आणि मग स्वतः दोन तास बोलला. मी फक्त चहा सांगत होतो.

पुस्तक म्हणजे काही उपचार नव्हे. त्यासाठी डॉक्टर आहेत. पण हे जरूर वाचा. रात्री एकट्यानं वाचलंत तरी हरकत नाही. वाचून झाल्यावर मात्र कुणाशी तरी बोला.